खुर्चीतून उठताना शरीरात काय घडते, ते स्वतः तपासण्याची आणि सुधारण्याची पद्धत

खुर्चीतून उठणे ही हालचाल निरोगी माणूस दिवसभरात कितीतरी वेळा करतो आणि तिच्याकडे त्याचे लक्षही जात नाही. ती अवघड होऊ लागली की बहुतेक घरांत एकच निदान ऐकू येते, ते म्हणजे ‘गुडघे गेले’. गुडघ्यात दोष असतोच असे मात्र नाही. या एका हालचालीत घोटा, गुडघा आणि खुबा हे तीन सांधे, त्यांच्यावरून जाणारे डझनावारी स्नायू आणि त्या स्नायूंना आदेश देणारी व त्यांच्याकडून खबर आणणारी चेतासंस्था यांचे काम ठरावीक क्रमाने व्हावे लागते, आणि यांपैकी कोणताही दुवा कच्चा असला तरी उठणारा माणूस खुर्चीच्या हातांचा आधार शोधू लागतो. ताकदीचा विचार लोक सर्वांत आधी करतात. तो मागाहून करावा आणि आधी हालचालीची वेळ साधते आहे का व पायांकडून मेंदूला नीट खबर मिळते आहे का हे पाहावे, असे माझे मत आहे. पुढील प्रयोग आणि सराव त्याच क्रमाने मांडले आहेत.

यासाठी चाके नसलेली, टणक बैठकीची, साधारण 45 सेंटिमीटर उंचीची खुर्ची घ्यावी आणि तिची पाठ भिंतीला टेकवून ठेवावी, कारण हलकी प्लास्टिकची खुर्ची गुळगुळीत फरशीवर हमखास मागे सरकते. पाय अनवाणी असावेत. ज्यांना अलीकडे पडण्याचा अनुभव आला आहे, ज्यांची खुब्याची किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय यातले काहीही करू नये; इतरांनीही पहिल्या वेळी सोबत कोणीतरी ठेवावे.

पहिला प्रयोग: कपाळावरचे बोट

खुर्चीत पाठ टेकवून ताठ बसावे, तळवे जमिनीवर पूर्ण टेकवावेत आणि हात छातीवर घडी घालून ठेवावेत. सोबतच्या व्यक्तीने समोर उभे राहून आपले एक बोट बसलेल्याच्या कपाळावर टेकवावे आणि डोके पुढे येऊ देऊ नये. आता उठण्याचा प्रयत्न करावा. धडधाकट तरुणालाही उठता येत नाही, आणि याचा बोटाच्या जोराशी फारसा संबंध नाही. बसलेल्या अवस्थेत शरीराचा गुरुत्वमध्य खुर्चीच्या बैठकीवर असतो. उठायचे तर तो पावलांवर आणावा लागतो, आणि त्यासाठी धड खुब्यातून पुढे झुकावे लागते. डोके अडवले की धडाचे झुकणे अडते, आणि मांडीचे स्नायू कितीही बळकट असले तरी त्यांच्या जोराचा उपयोग होत नाही.

हाच प्रयोग कपाळावर बोट न ठेवता, पण पावले खूप पुढे पसरून करून पाहावा, आणि नंतर टाचा गुडघ्यांच्या सरळ रेषेपेक्षा चार बोटे मागे घेऊन करावा. दुसऱ्या वेळी उठणे लक्षणीय सोपे वाटते, कारण गुरुत्वमध्याला पावलांपर्यंत कमी अंतर जावे लागते. पावले अशी मागे घेण्यासाठी घोटा पुरेसा वाकावा लागतो. ज्यांची पोटरी आखडलेली असते त्यांची टाच उचलली जाते, पाऊल पुढेच राहते आणि त्याचा सगळा भुर्दंड गुडघ्याला व खुब्याला पडतो. गुडघ्याची तक्रार घेऊन आलेल्याचा घोटाही तपासावा लागतो तो यासाठीच.

दुसरा प्रयोग: मांडीवरचे दोन हात

हा प्रयोग या लेखातला सर्वांत बोलका आहे, म्हणून तो घाईने करू नये. खुर्चीच्या कडेवर बसावे. उजवा तळहात उजव्या मांडीच्या वरच्या बाजूवर आणि डाव्या हाताची बोटे त्याच मांडीच्या खालच्या बाजूला ठेवावीत. प्रथम गुडघा सरळ करून पाय समोर उचलावा: वरचा स्नायू, म्हणजे क्वाड्रिसेप्स, टणक होतो आणि खालचा सैलच राहतो. पाय पुन्हा टेकवून टाच जमिनीवरून मागे ओढण्याचा प्रयत्न करावा, पण ती हलू देऊ नये: आता खालचा स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, टणक होतो आणि वरचा सैलावतो.

स्नायू फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. त्यामुळे सांध्याच्या दोन बाजूंना परस्परविरोधी स्नायू असावे लागतात आणि एकाने ओढताना दुसऱ्याने सोडावे लागते. ही सोडण्याची क्रिया स्नायू स्वतःहून करत नाही. एका स्नायूला चेतवणारा संदेश मेरुरज्जूत येतो तेव्हाच तिथल्या मधल्या चेतापेशी विरोधी स्नायूच्या प्रेरक, म्हणजे स्नायूला आदेश देणाऱ्या, चेतापेशींना गप्प करतात. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी ही व्यवस्था प्रयोगांनी उलगडून दाखवली. चेतापेशींच्या कार्याविषयीच्या संशोधनासाठी त्यांना 1932 चे नोबेल पारितोषिक एडगर एड्रियन यांच्यासोबत मिळाले.

आता दोन्ही हात तसेच ठेवून सावकाश उठावे आणि बैठक सुटते त्या क्षणी काय जाणवते ते पाहावे. वरचा आणि खालचा असे दोन्ही स्नायू एकाच वेळी टणक होतात. आत्ताच सांगितलेल्या नियमानुसार हे विचित्र आहे, कारण उठताना गुडघा सरळ व्हायचा आहे आणि हॅमस्ट्रिंग तर गुडघा वाकवणारा स्नायू आहे. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉरन लोम्बार्ड यांनी 1903 मध्ये या कोड्याचे विवेचन केले आणि ते आजही लोम्बार्डचा विरोधाभास या नावानेच ओळखले जाते.

याचे उत्तर स्नायू कोणकोणत्या सांध्यांवरून जातो यात आहे. हॅमस्ट्रिंग बैठकीच्या हाडापासून निघून गुडघ्याच्या खाली जोडलेला असतो, म्हणजे तो खुबा सरळ करतो आणि गुडघा वाकवतो. क्वाड्रिसेप्सच्या चार भागांपैकी मधला सरळ भाग कटीच्या हाडापासून निघतो, म्हणून तो गुडघा सरळ करतो आणि खुबा वाकवतो. दार ढकलताना बिजागरीपासून जितके दूर ढकलावे तितका कमी जोर लागतो. स्नायूची ओढही सांध्याच्या आसापासून जितकी दूर तितकी परिणामकारक होते. हॅमस्ट्रिंगचे हे अंतर खुब्यापाशी जास्त आणि गुडघ्यापाशी कमी आहे, तर क्वाड्रिसेप्सच्या त्या भागाचे गुडघ्यापाशी जास्त आणि खुब्यापाशी कमी आहे. त्यामुळे दोघांनी एकदम ओढले की खुब्यापाशी हॅमस्ट्रिंगची सरशी होते, गुडघ्यापाशी क्वाड्रिसेप्सची, आणि दोन्ही सांधे एकाच वेळी सरळ होतात. गुडघ्याची वाटी क्वाड्रिसेप्सला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या कंडरेला पुढे उचलून धरते आणि हे अंतर वाढवते. ती केवळ सांध्यावरचे झाकण आहे ही समजूत चुकीची आहे.

यात आणखी एक काटकसर आहे. दोन सांध्यांवरून जाणारा स्नायू एका टोकाला आखडत असताना दुसऱ्या टोकाला लांबवला जातो, त्यामुळे त्याची एकूण लांबी फारशी बदलत नाही. स्नायू फार आखडला की त्याचा जोर ओसरतो, आणि हे मनगटावर ताबडतोब पडताळता येते: मनगट आतल्या बाजूला पूर्ण वाकवून मूठ घट्ट आवळण्याचा प्रयत्न केला की बोटे नीट मिटतच नाहीत, आणि मनगट किंचित मागे घेतले की तीच मूठ पक्की बसते. बोटे मिटवणारे मुख्य स्नायू कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असल्यामुळे मनगटाची स्थिती त्यांची लांबी ठरवते.

आदेश आणि खबर

उठण्याचा आदेश मेंदूकडून मेरुरज्जूत आणि तिथून प्रेरक चेतातंतूंमार्गे स्नायूकडे सेकंदाला साधारण 50 ते 60 मीटर वेगाने पोहोचतो. तंतूच्या टोकाशी अॅसिटिलकोलिन हे रसायन सुटते, स्नायुतंतूच्या आत कॅल्शियम मोकळे होते आणि अॅक्टिन व मायोसिन या प्रथिनांचे धागे एकमेकांवरून सरकून तंतू आखडतो. एक प्रेरक चेतापेशी अनेक स्नायुतंतूंना एकदम चालवते: डोळा हलवणाऱ्या स्नायूंत ही संख्या दहाच्या आसपास असते, तर पोटरीत ती हजाराच्या पुढे जाते. म्हणून नजर बारकाईने फिरते आणि पोटरी जोर लावू शकते. जोर वाढवायचा असतो तेव्हा आधी लहान चेतापेशी कामाला लागतात आणि गरज पडेल तशा मोठ्या.

आदेशाची ही बाजू शाळेतल्या पुस्तकात असते. उलट दिशेने येणाऱ्या खबरीकडे मात्र फार थोडे लक्ष दिले जाते. स्नायूच्या आत त्याची लांबी आणि ती बदलण्याचा वेग मोजणारे सूक्ष्म संवेदक असतात, कंडरेत ताण मोजणारे वेगळे, सांध्याच्या आवरणात आणखी वेगळे; तळव्यांची त्वचा दाबाची खबर देते, अंतर्कर्ण डोक्याच्या हालचालीची आणि डोळे परिसराची. लहान मेंदू ही सगळी माहिती मूळ आदेशाशी ताडून पाहतो. डॉक्टर वाटीखालच्या कंडरेवर रबरी हातोडी मारतात तेव्हा यातली सर्वांत छोटी साखळी दिसते: क्वाड्रिसेप्स क्षणभर ताणला जातो, त्याची खबर कमरेच्या भागातल्या मेरुरज्जूत जाते, तिथून थेट प्रेरक चेतापेशीला मिळते आणि पाय उडतो. मेंदूला हे कळते ते नंतर.

ही खबर थांबली तर काय होते, याचे एक नोंदलेले उदाहरण आहे. ब्रिटनमधील इयान वॉटरमन यांना 1971 मध्ये, वयाच्या 19व्या वर्षी, एका आजारानंतर मानेखालच्या स्पर्शाची आणि अवयवांच्या स्थितीची जाणीव पूर्णपणे गमवावी लागली. स्नायू शाबूत होते, आदेश नेणारे चेतातंतूही शाबूत होते, तरीही त्यांना उठून बसता येईना. पुढे प्रत्येक हालचाल डोळ्यांनी पाहत पाहत ते बसायला, उभे राहायला आणि चालायला नव्याने शिकले. दिवा गेला की मात्र ते कोसळत.

आपल्यातील ही व्यवस्था दोन सोप्या रीतींनी अजमावता येते. एका तळहातावर जाड पुस्तक ठेवून हात स्थिर धरावा आणि डोळे मिटून सोबत्याला ते अचानक उचलायला सांगावे. हात झटकन वर उडतो. तेच पुस्तक आपल्याच दुसऱ्या हाताने उचलले तर पहिला हात जवळजवळ हलत नाही, कारण वजन कमी होणार हे चेतासंस्थेला आधीच ठाऊक असते आणि ती स्नायूचा जोर त्याच क्षणी उतरवते. दुसरी रीत तोलाची. भिंतीजवळ, हात लगेच टेकता येईल अशा अंतरावर एका पायावर उभे राहावे आणि घोट्याकडे लक्ष द्यावे. तिथल्या कंडरा सतत थरथरत छोट्या दुरुस्त्या करताना दिसतात. मग डोळे मिटावेत. तोल टिकण्याचा काळ एकदम घटतो, आणि डोळे किती काम करत होते ते कळते. ज्यांचा तोल आधीच डळमळतो त्यांनी हा दुसरा भाग दोन्ही पायांवर उभे राहून, भिंतीला हात लावूनच करावा.

सुजलेला गुडघा स्नायूला आवरतो

सांधा हा निव्वळ दुवा आहे असे समजून व्यायाम करणारे इथे फसतात. निरोगी माणसांच्या गुडघ्यात केवळ 20 ते 30 मिलिलीटर सलाइन टोचले असता मांडीच्या आतल्या बाजूचा, वाटीला धरून ठेवणारा स्नायू मंदावतो, असे प्रयोगांत आढळलेले आहे. सांधा फुगला की तिथले संवेदक मेरुरज्जूला कळवतात आणि मेरुरज्जू क्वाड्रिसेप्सला हात आखडता घ्यायला लावतो, मग माणसाची इच्छाशक्ती कितीही दांडगी असो. म्हणून सुजलेल्या गुडघ्यावर बैठकांचा मारा करून ताकद येत नाही. आधी सुजेचे कारण शोधून तिच्यावर उपचार करावेत, आणि तोपर्यंत पाय लांब करून वाटी वर ओढली जाईल असा मांडीचा स्नायू पाच सेकंद आवळून सोडण्याचा हलका व्यायाम फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने करावा.

सरावाची पद्धत

खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर सरकून बसावे. पावले खुब्यांइतकी एकमेकांपासून दूर आणि टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्याव्यात. पाठ न वाकवता धड खुब्यातून पुढे आणावे, इतके की नाक पायांच्या बोटांच्या वर येईल. झुकणे आणि उठणे यांच्यात थांबू नये, कारण पुढे येताना मिळालेली गती बैठक सोडवण्यासाठी वापरायची असते. पुढे झुकून क्षणभर थांबणाऱ्याची ती गती वाया जाते आणि सगळा भार मांड्यांवर पडतो. बैठक सुटली की तळव्यांनी जमीन खाली दाबण्याचा विचार करावा, गुडघे एकमेकांकडे वळू देऊ नयेत आणि श्वास सोडत सरळ व्हावे. उभे राहिल्यावर चालायला लागण्याआधी दोन सेकंद स्थिर राहावे. चक्कर येत असेल तर लगेच बसावे; बसण्याउठण्याने रक्तदाब उतरतो का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

बसणे उठण्याइतकेच महत्त्वाचे आहे, आणि बहुतेक लोक ते गाळतात. धपकन बसू नये. मनात तीन अंक मोजत, धड पुन्हा पुढे झुकवून, बैठक हळूहळू खाली न्यावी. या वेळी क्वाड्रिसेप्स ताण धरून ठेवतच लांबतो. अशा कामाने तो चांगला घडतो, मात्र सवय नसेल तर एकदोन दिवसांनी मांड्या दुखतात. ते दुखणे स्नायूत असावे, सांध्यात नसावे.

पाच वेळा उठणे आणि बसणे, थोडी विश्रांती आणि पुन्हा पाच वेळा, असा सराव एक दिवसाआड पुरे. हात छातीवर घडी घालून जमत नसेल तर बैठकीवर सतरंजीची टणक घडी ठेवून उंची वाढवावी किंवा हातांचा आधार घ्यावा. आधार घेण्यात कमीपणा नाही. सहज जमू लागले की घडी काढावी, मग खुर्चीऐवजी बुटके स्टूल घ्यावे. आपल्याकडे पंगतीला, पूजेला, कित्येक घरांत रोजच्या जेवणालाही जमिनीवर बसतात, तेव्हा अखेरचे ध्येय तेच ठेवणे योग्य. पण मांडी घालून किंवा उकिडवे बसण्याला गुडघा खुर्चीपेक्षा पुष्कळ जास्त वाकावा लागतो, आणि झिजलेल्या गुडघ्यांनी त्याचा हट्ट धरू नये. जमिनीवरून उठताना आधी एका बाजूला वळून गुडघ्यांवर यावे, एक पाऊल पुढे टेकवावे आणि पाटाचा किंवा चौरंगाचा आधार घेऊन त्या पावलावर भार आणावा.

पहिल्या दोनतीन आठवड्यांतच उठणे सोपे वाटू लागते. तेवढ्यात स्नायू जाड झालेला नसतो. त्या काळातली वाढ मुख्यतः चेतासंस्थेची असते, जी अधिक प्रेरक चेतापेशी कामाला लावायला आणि विरोधी स्नायूला वेळेवर सोडायला शिकलेली असते. स्नायूची खरी वाढ त्यानंतर दिसते, म्हणून इथे सराव सोडू नये. प्रगती मोजायची असेल तर हातांचा आधार न घेता सलग पाच वेळा उठायला लागणारा वेळ घड्याळावर पाहावा. युरोपातील तज्ज्ञांच्या गटाने 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निकषांत 15 सेकंदांहून अधिक वेळ हे वृद्धांमध्ये स्नायूंची ताकद कमी असल्याचे लक्षण मानलेले आहे.

डॉक्टरांकडे जाताना

सरावाने उठणे सुधारत नसेल तर बिघाड सांधा, स्नायू आणि चेतासंस्था या तिघांपैकी कोणाचा, याची काही चिन्हे घरीच लक्षात येतात आणि ती नेमकेपणाने सांगितली तर तपासणीला मदत होते. खुर्चीतून किंवा शौचकुपावरून उठताना आणि फळीवरचा डबा काढताना त्रास, पण चालणे ठीक, असे असेल तर खुब्याच्या व खांद्याच्या जवळचे स्नायू दुबळे झाले असण्याची शक्यता असते. ड जीवनसत्त्वाची मोठी कमतरता, थायरॉइडचे विकार आणि काही औषधे यांमुळे असे होते. जमिनीवरून उठताना लहान मुलगा स्वतःच्याच मांड्यांवर हात ठेवत वर चढत असेल तर विलंब न करता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. विल्यम गोवर्स यांनी एकोणिसाव्या शतकात वर्णन केलेले हे चिन्ह स्नायूंच्या आनुवंशिक विकारात दिसते.

बेसिनपाशी तोंड धुताना डोळे मिटताच तोल जाणे, अंधारात भेलकांडणे, गादीवर चालल्यासारखे वाटणे, ही खबर नेणाऱ्या चेतातंतूंची तक्रार असते. मधुमेह आणि ब12 जीवनसत्त्वाची कमतरता ही त्याची आपल्याकडे नेहमी आढळणारी कारणे आहेत आणि दोन्ही रक्ताच्या साध्या तपासणीत कळतात. मेंदू व चेतासंस्थेचे डॉक्टर अशा वेळी विचारतात की चालताना पायातून चप्पल निसटते का, आणि निसटलेली कळते का. निसटते आणि कळते, म्हणजे पाऊल उचलणारा स्नायू किंवा त्याला आदेश नेणारा तंतू दुबळा आहे. निसटून मागे राहते आणि कोणी सांगेपर्यंत कळत नाही, म्हणजे तळव्याची खबर वर पोहोचत नाही. या प्रश्नाचे उत्तर आठवून जावे. एका बाजूचा हातपाय अचानक लुळा पडणे, बोलणे अडखळणे, किंवा पायांच्या बधिरतेसोबत लघवीवरचा ताबा जाणे, यांत मात्र कोणताही घरगुती प्रयोग करत न बसता त्याच तासात रुग्णालय गाठावे.